करड्या रंगातलं नाव

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

लालबाग,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. जयवंत भाऊजी यांस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं पार्सल सोमवारी पोचलं. आलं ते असं: पेन ड्राईव्ह एक, तुमच्या अक्षरातले कागद तीन, आमसुलं, पुडीत तिरफळं आणि कुळथाचं पीठ. पीठ सांडून पेन ड्राईव्हला लागलं होतं, ते कोरड्या फडक्याने पुसून घेतलं. माझा खर्च म्हणाल तर हर्षूच्या जुन्या लॅपटॉपला चार्जर नव्हता, तो लॅमिंग्टन रोडवरून साडेसहाशेला आणला. दुकानदार नऊशेवर अडून बसला होता. मीही त्याच्या स्टुलावर बसून राहिले, शेवटी त्याला गिऱ्हाइकांना जागा हवी झाली.

गावात रेंज नाही आणि डोंगरमाथ्याच्या सड्यावर चढून फोन करायला तुमचा गुडघा नाही, म्हणून सगळं पत्रातच लिहिते. गुडघ्याला जिना झेपत नाही म्हणून तुम्ही गावी गेलात, त्याआधी, आई होत्या तेव्हाच, आपल्या टोकाच्या चार खोल्यांत मिळून वायफाय लावून दिलंत. त्याची वर्गणी मी जमा करते, म्हणून शिव्याही मीच खाते. अनुजा संध्याकाळी पाचला पोटमाळ्यावर कामाला बसते. परदेशातल्या दवाखान्यांची बिलं तपासायची, समोर बाई दिसते, तिच्याशी बोलायचं. दिवाळीपासून हे काम घरून सुरू झालं आणि तेव्हापासून ती बाई रोज तोंड उघडं ठेवून थिजते. अनुजा खाली येऊन पाणी पिते आणि काही न बोलता वर जाते. ते न बोलणंच मला जास्त लागतं. आता तिच्या कंपनीने सांगितलंय की नव्या वर्षापर्यंत लाईन सुधारा, नाहीतर रोज ऐरोलीला या. हर्षू डोंबिवलीला भाड्याची जागा बघून आला. म्हणे तिकडे स्वतःची लाईन मिळेल. मला लाईनीतलं कळत नाही भाऊजी, पण सून आणि मुलगा घर सोडून चाललेत एवढं कळतं. यांना सांगितलं तर हे पेपर खाली न करता म्हणाले, "जातील तर जातील, येतील रविवारी."

वायफायवाल्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. लाईन चोख आहे, तुमच्याच घरात कोणीतरी ओढतंय म्हणाला. कोण, ते बघायचं सॉफ्टवेअर असतं हे तुम्ही लिहिलंत म्हणून हा खटाटोप.

तुमच्या पेन ड्राईव्हमध्ये तीन निघाली. पहिलं उघडलं तर छान आलेख-बिलेख, आणि खाली बारीक अक्षरात की चौदा दिवसांनी पैसे भरा. ते मी लगेच मिटलं. दुसरं फुकट आहे, पण दर दाबण्याला जाहिरात उघडते. एक बाई जाडी होती ती बारीक झाली, हे मी सकाळपासून इतक्यांदा पाहिलंय की तिची मला काळजी वाटायला लागली. तिसरं दिसायला अगदी साधं आहे, पण ते राउटरचा पासवर्ड मागतं. राउटर दाराच्या वर, त्याच्या पोटावरचा कागद पुसट झालेला. स्टुलावर चढून भिंग लावून वाचलं, तो पासवर्ड चालत नाही.

या घरात बिनतक्रार चालतं ते एकच, देव्हाऱ्यातलं प्रभादेवीच्या गणपतीचं दर्शन. आईंसाठी तुम्ही लावून दिलेलं. रात्री देवळात पडदा पडला तरी मी ते मिटत नाही. आईंना शब्द दिलाय. बाकी सगळं अडलेलं आहे. तीनांतलं कुठलं घेऊ ते कळवा.

तुमची,
बकुळा वहिनी

•

सातेरीवाडी, ता. कुडाळ
२० नोव्हेंबर २०२४

ती. सौ. वहिनींस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तिसरं घ्या. ज्याला दिसण्याची हौस नाही ते काम करतं. पहिलं आणि दुसरं लॅपटॉपवरून काढून टाका. नुसतं मिटून भागत नाही, ती मागे चालूच राहतात.

राउटरचा पासवर्ड मी बदलला होता, म्हणून पोटावरचा चालत नाही. तो आईचं नाव आहे, रखमा, इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान, आणि पुढे आपल्या खोलीचा नंबर. सॉफ्टवेअर चढताना लॅपटॉप विचारेल की हे अनोळखी आहे, चालवू का. 'हो' म्हणा. लॅपटॉपचा पडदा गुलाबी झाला तरी घाबरू नका. चढवून झालं की 'स्कॅन' दाबा. राउटरला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी येईल. हिरव्या आत्ता चालू आहेत. करड्या पूर्वी कधी जोडलेल्या, आता नाहीत, त्या पुसल्यात तरी चालेल. आधी दारोदार जाऊन कुठली वस्तू कोणाची ते बघा आणि प्रत्येकीला मराठीत नाव द्या. एखादी उरली तर ती काय दाखवते ते जसंच्या तसं उतरवून पाठवा.

ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र काही चढवू नका. अनुजाची नोकरी जाईल.

दादाला म्हणावं, गुडघा बरा आहे.

आपला,
जयवंत

•

लालबाग,
२८ नोव्हेंबर २०२४

चि. जयवंत भाऊजी यांस, आशीर्वाद.

चढलं. सकाळी पूजा झाल्यावर लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, हर्षू हसला, त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पहिल्यांदा अर्ध्यावर अडकलं. दुसऱ्यांदा लाईट गेली. बॅटरी मेलेली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा चढलं आणि आईंचं नाव टाकल्यावर एकदम यादी आली. खरं सांगते, जरा बरं वाटलं.

मग फिरले. शेजारच्या दुर्गामावशींकडे त्यांचा फोन, त्यांच्या मुलाचा, वैभवचा, फोन, त्याचा कॉम्प्युटर, टीव्ही. पुढच्या दोन खोल्यांत पाच. आमचे फोन तीन, अनुजाचा लॅपटॉप, हा लॅपटॉप. प्रत्येकाचं वायफाय बंद करायला लावायचं, यादीत कोण करडं झालं ते बघायचं, नाव लिहायचं, परत चालू. लॅपटॉप वायरीशिवाय चालत नाही, म्हणून मी गॅलरीतून ओरडायचे, "मावशी, आता करा बंद." आणि धावत आत. लोक बघत होते. वैभव म्हणाला, "काकू, जनगणना चालू आहे काय?"

सगळ्यांचा पत्ता लागला, एक उरलं. त्याला नाव नाही, नुसती अक्षरं आणि आकडे, ते वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून सोबत जोडलेत. पुढे कंपनीचं नाव दिसतं, तसला फोन मजल्यावर आज कोणाकडे नाही. रात्रंदिवस हिरवं असतं आणि सगळ्यांत जास्त तेच ओढतं. मी तीन दिवस बघतेय, एक क्षण करडं होत नाही.

माझा संशय वैभववर आहे. तो मंडळाचे व्हिडिओ बनवतो, कुठूनतरी जुनी वस्तू आणून लपवून ठेवली असेल. या सॉफ्टवेअरमध्ये लाल बटण आहे, दाबलं की ती वस्तू बाहेर. दाबू का? अनुजा काल वरून उतरली ती सरळ मोरीत जाऊन तोंड धुवत बसली. डोळे लाल होते. हर्षू परत डोंबिवलीला गेलाय.

बकुळा वहिनी

•

सातेरीवाडी,
४ डिसेंबर २०२४

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. नमस्कार.

चिठ्ठी बघितली. लाल बटण आत्ता दाबू नका. वैभवला काही बोलू नका. ते पोर असल्या लपवाछपवीतलं नाही.

ती वस्तू जुनी आहे एवढं चिठ्ठीवरून कळतं. आपल्या चाळीचा जिना आठवा. म्हातारं माणूस एकेक पायरी उतरत असलं की मागचे तरणेताठे सगळे थांबतात. त्यात त्याचा काही दोष नसतो. वायफायचंही तसंच. वस्तू जुनी, वेग कमी, आणि ती सतत चालू, तर बाकीच्यांना वाट मिळत नाही.

आधी वायफायचा पासवर्ड बदला. नवा चार खोल्यांना द्या. परकं कोणी असेल तर आपोआप गळेल. घरचंच असेल तर घरातलंच कोणीतरी त्याला परत आत घेईल, आणि मग तुम्हाला कळेल. मी इथून बसून जास्त लिहीत नाही. काही गोष्टी समोर बघूनच कळलेल्या बऱ्या.

अनुजाला माझा आशीर्वाद सांगा.

जयवंत

•

लालबाग,
११ डिसेंबर २०२४

चि. जयवंत भाऊजी यांस, आशीर्वाद.

तुम्ही कोडी घालू नका. मला वेळ नाही.

तुम्ही सांगितलंत तसं काल, मंगळवारी, सकाळी पासवर्ड बदलला. एक बदलायला बसले तर सगळ्यांचं गेलं, माझंही. चार खोल्यांसाठी चार चिठ्ठ्या केल्या, त्यातली घरची अनुजाच्या हातात दिली, आणि तशीच प्रभादेवीला निघाले. रांग मोठी होती. आत पोचेपर्यंत पाय भरून आले. बाप्पासमोर एकच मागितलं, लाईन नीट कर. असलं कोणी मागतं का देवाकडे? मी मागितलं. परत आले, चपला काढून आधी देव्हाऱ्याला हात जोडले, मग लॅपटॉप उघडला. ते मेलं तिथेच. हिरवंगार. जुन्या पासवर्डवर नाही, नव्यावर.

म्हणजे चिठ्ठी मिळालेल्यांपैकीच कोणीतरी. मग मात्र माझं डोकं फिरलं. गॅलरीत दुर्गामावशी वाल सोलत होत्या. मी म्हटलं, "मावशी, वैभवला विचारा काय लपवलंय त्याने." मावशींनी वालाचं ताट आत नेलं आणि दार लावलं. भाऊजी, या चाळीत लग्न होऊन आल्यापासून ते दार मी दिवसा लागलेलं पाहिलं नव्हतं. वैभव बाहेर येऊन म्हणाला, "काकू, माझा कॉम्प्युटर तपासा, पेटी तपासा. पण आईला असं नाही बोलायचं." मी आत निघून आले.

तुम्ही त्याची बाजू घेणारच, त्याला कॉम्प्युटर तुम्हीच शिकवलात. पण इथे माझं घर चाललंय. हर्षूने घरमालकाचा नंबर भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवलाय, एकोणतीस तारखेच्या चौकटीत. त्या दिवशी टोकन द्यायचंय.

तुमचं उत्तर येवो न येवो, येत्या आठवड्यात मी लाल बटण दाबणार. मार्गशीर्षातला गुरुवार बघून दाबीन, म्हणजे काही चुकलं तर लक्ष्मी सांभाळून घेईल.

बकुळा वहिनी

•

लालबाग,
२० डिसेंबर २०२४

चि. जयवंत भाऊजी,

तुमचं पत्र आलं नाही. मी थांबले नाही. काल बटण दाबलं.

घट मांडला होता, पोथी वाचून झाली, नैवेद्य व्हायचा होता. म्हटलं, आरतीआधी हा विषय संपवू. दाबलं. लगेच करडं झालं. मी हात जोडून उठले, निरांजन घेऊन देव्हाऱ्यापाशी गेले, आणि आईंच्या दर्शनाच्या जागी काळं. मधोमध एक गोल गरागरा फिरतोय. मला वाटलं देवाने तोंड फिरवलं. मावशींना बोलले ते याला आवडलं नाही.

मी अनुजाला हाक मारली. ती पोटमाळ्यावरून आली, गोल बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"आई, ते आता नाही लागायचं."

"का?"

"तुम्ही अडवलंत ना मघाशी."

"मी वैभवचं ते अडवलं."

देव्हाऱ्यात हात घालून तिने हार बाजूला केला, दर्शनाचा टॅब काढला आणि उलटा करून माझ्यासमोर धरला. मागे कंपनीचं नाव. यादीतलंच. भाऊजी, मी चार खोल्यांत सगळ्यांच्या वस्तूंना नावं देत फिरले. देव्हाऱ्यातल्याला वस्तू म्हणायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"दिवाळीपासून. हा टॅब बिघडला की काय म्हणून काकांनी ठेवलेली सेटिंग बघायला गेले, तर कळलं."

"मग बोलायचं नाही?"

"काय बोलू? देव बंद करा म्हणू?"

मग मला मंगळवार आठवला. विचारलं, नवा पासवर्ड त्यात घातला कोणी? ती खाली बघून म्हणाली, "मीच. तुम्ही रांगेत उभ्या राहून दमून याल आणि समोर अंधार बघाल, म्हणून."

तिची संध्याकाळची मीटिंग त्याच दिवशी दोनदा तुटली होती. आपल्या हाताने तोडली तिने. आणि डोंबिवलीचं विचारलं तर म्हणते, "तिकडे गेलो की इथे तुमचं दर्शन चालू राहील, तिथे माझं काम. कोणाला काही सांगायला नको."

नैवेद्य थंड झाला. मी आधी ताट घेऊन दुर्गामावशींकडे गेले. दार उघडलं नाही तर ताट उंबऱ्यावर ठेवीन असं ठरवून गेले होते. उघडलं. सगळं सांगितलं. त्या कमरेवर हात ठेवून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे गो बकुळे, इतके दिवस गणपतीचा पाप माझ्या झिलाच्या माथ्यार मारलंस?" मग ताट घेतलं. वैभव आतून ओरडला, "काकू, बाप्पाची पेटी तपासली का?" त्याला हसायला येतंय. मला अजून येत नाही.

रात्री टॅब पुन्हा लावायला गेले, हात पुढे होईना. लावला तर अनुजा जाते. नाही लावला तर आईंना दिलेला शब्द जातो. दवाखान्यात त्यांनी माझा हात धरून सांगितलं होतं, ते बंद करू नकोस गं. तुम्ही तिथेच होतात. तुम्ही हे पहिल्या चिठ्ठीवरूनच ओळखलं होतंत, हो की नाही? मग मला सांगितलं का नाही? देव्हाऱ्यात आता नुसती काच आहे, मी तिच्यापुढे पाटावर बसून हे लिहितेय. मला राग आलाय. तुमचाही आलाय.

बकुळा

•

सातेरीवाडी,
२४ डिसेंबर २०२४

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. नमस्कार.

तुमचा राग बरोबर आहे. ओळखलं होतं. तो टॅब मीच आणला, मीच त्याला न झोपायचं शिकवलं. पण तुम्ही आईला दिलेला शब्द मोडा, हे मी कुठल्या तोंडाने लिहू? म्हणून पासवर्ड बदला लिहिलं. वाटलं, दर्शन बंद पडलेलं बघाल आणि तुमचं तुम्हाला कळेल. तुम्ही नेमक्या देवळात जाल आणि अनुजा ते जोडून ठेवील, हे माझ्या हिशेबात नव्हतं. दुर्गामावशींचं दार माझ्यामुळे लागलं.

आता एक सांगतो, हे आधीच सांगायला हवं होतं. आई होती तोवर तो टॅब रात्रभर कधी चालू नसायचा. तुम्ही दिवसभर दमून झोपलेल्या असायच्या. शेजारती झाली, पडदा पडला की आई मला म्हणायची, "जयू, मिट आता ते. त्यालाही निजू दे." सकाळी तुम्ही उठायच्या आत मी लावून ठेवायचो. दवाखान्यात आई बोलली ते तुम्ही ऐकलंत, ते खरं. पण तेव्हा नर्स तो उशाचा टॅब उचलायला आली होती, दुपारच्या आरतीच्या वेळी. आईला ती आरती बघायची होती. एवढंच होतं ते.

तुम्ही वर्षभर पडद्यापुढे जागत राहिलात, वहिनी. ते वायाही गेलं नसेल. पण आईने ते मागितलं नव्हतं.

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नावापुढे घड्याळाचं चित्र आहे. त्यात वेळ भरता येते, कुठली वस्तू कधी चालू, कधी बंद. आणि अनुजाच्या लॅपटॉपपुढच्या बाणावर दाबलंत तर जिन्यावर तिला पहिली वाट मिळेल.

अनुजाने तुम्हाला सांगितलं नाही म्हणून तिच्यावर रागावू नका. जागा कमी पडली की आपल्याकडे माणूस कारण शोधतो आणि निघतो. हर्षूचं लग्न ठरलं तेव्हा माझा गुडघा तसा बरा होता.

जयवंत

•

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

लालबाग,
३० डिसेंबर २०२४

चि. जयवंत भाऊजी यांस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. दोनदा वाचलं. यांनाही वाचायला दिलं. यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

घड्याळाच्या चित्रावर मी दोन सकाळी घातल्या. वेळ भरली की जतन होत नाही, जतन झाली की ते इंग्रजी एएम-पीएम उलटं होतं. पहिल्या दिवशी देव पहाटे बंद आणि रात्री चालू. शेवटी वैभवला बोलावलं. तो आला, खुर्ची ओढून बसला, म्हणाला, "काकू, चोरालाच कुलूप लावायला बोलावलंत." चहा दोनदा प्यायला, पण बसवून दिलं. आता काकड आरतीला दर्शन उजाडतं आणि दुपारच्या नैवेद्यानंतर मिटतं. यादीत त्याला नाव दिलं, 'आईंचं दर्शन'. संध्याकाळी मी समई लावते आणि आरती माझ्या तोंडाने म्हणते, हळू, कारण वर अनुजाचं काम चालू असतं. पहिल्या दिवशी मला मधलं कडवं आठवेना. इतके दिवस ते टॅबच म्हणत होता.

बटण दाबलं तेव्हापासून, ती एक उलटी रात्र सोडली तर, परदेशातली बाई थिजलेली नाही. अनुजाने कंपनीला कळवलंय, उत्तर यायचंय. काल एकोणतीस तारीख होती. हर्षू डोंबिवलीला गेला नाही. पण कालनिर्णयातला तो नंबर त्याने खोडलेलाही नाही, आणि नव्या वर्षाचं कालनिर्णय लावताना जुनं मी रद्दीत टाकलं तर चालेल का, असं मी त्याला विचारलं. "राहू दे गं थोडे दिवस," म्हणाला. राहू दे तर राहू दे. अनुजा मात्र काल पाणी प्यायला खाली आली तेव्हा म्हणाली, "आई, आमटीत तिरफळ जास्त झालंय." तिने बोलून दाखवलं, ते मला बरं वाटलं. आमटी खरंच बिघडली होती.

गुडघ्याचं वाचलं. त्यावर पत्रात काही लिहीत नाही. ते समोर बसून बोलायचं आहे, आणि यांच्यादेखत.

तुम्ही म्हणालात म्हणून यादीतली करडी नावं पुसायला घेतली होती. जुने पाहुणे, हर्षूचा हरवलेला फोन, लग्नात आलेल्यांचे फोन. सगळी पुसली. एक ठेवलंय. तुमचा फोन. गेलात त्या दिवसापासून करडा आहे. पुसू का, असं ते सॉफ्टवेअर रोज विचारतं, मी रोज 'नाही' दाबते.

नवा पासवर्ड देव्हाऱ्यामागे चिठ्ठीत ठेवलाय. पोटमाळ्याखाली तुमची जागा होती तिथे लॅपटॉपचं टेबल आहे, ते सरकतं. आईंच्या वर्षश्राद्धाला येताय की नाही, आणि कुठल्या गाडीने, ते उलट टपाली कळवा.

तुमची,
बकुळा वहिनी